एमआरआय नॉर्मल, तरी आकडी का? तान्ह्या बाळाच्या अपस्मारात मेंदूची चित्रे कशी वाचावीत

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सात महिन्यांच्या मुलीला पाचव्या महिन्यापासून झोपेतून उठताना ओळीने झटके येतात. प्रत्येक झटक्यात मान पुढे झुकते, दोन्ही हात वर उचलले जातात, एक-दोन सेकंदांत अंग सैल पडते आणि काही क्षणांनी पुन्हा तेच घडते. सुरुवातीला घरच्यांनी ते दचकणे किंवा पोटातले पिळे समजून सोडून दिले. ईईजी काढल्यावर त्यात ‘हिप्सॲरिदमिया’ हा उंच, विस्कळीत लहरींचा नमुना आढळला आणि ‘वेस्ट सिंड्रोम’ या तान्ह्या बाळांच्या अपस्माराचे निदान झाले. एमआरआयच्या रिपोर्टात मात्र सर्व काही नॉर्मल लिहिले आहे. तरीही डॉक्टर म्हणतात की मुलगी दोन-अडीच वर्षांची झाल्यावर एमआरआय पुन्हा करू आणि औषधांनी झटके थांबले नाहीत तर त्याआधीच पेट स्कॅनचा, म्हणजे मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे दाखवणाऱ्या तपासणीचा विचार करू. मेंदू नॉर्मल असेल तर आकडी कशी येते आणि एकदा काढलेले चित्र पुन्हा कशासाठी काढायचे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तिच्यामुळे पुष्कळ पालक औषध सुरू करण्यास कचरतात. या आजाराचे निदान झटका पाहून आणि ईईजी वाचून होते. एमआरआयवर ते अवलंबून नसते. ईईजी मेंदूच्या पेशींमधील विद्युत हालचाल टिपते, तर एमआरआय मेंदूची बांधणी दाखवतो. बांधणी साध्या डोळ्यांना नीट दिसत असूनही पेशींमधील संदेशांचे गणित बिघडलेले असू शकते. म्हणून नॉर्मल एमआरआयचा अर्थ ‘आकडी नाही’ असा होत नाही, तर ‘आकडीचे कारण या चित्रात, या वयात, या यंत्रावर दिसले नाही’ एवढाच होतो. या वाक्यातील ‘या वयात’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यातच आहे.

या झटक्यांचे पहिले नेमके वर्णन इंग्लंडमधील टनब्रिज येथील डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी १८४१ मध्ये ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या पत्रात केले आणि ते त्यांच्या स्वतःच्या मुलाविषयी होते. बाळ सलाम केल्यासारखे पुढे झुकते म्हणून लंडनमधील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी त्याला ‘सलाम आकडी’ म्हटल्याचे त्या पत्रात नमूद आहे. पुढे या आजाराला वेस्ट सिंड्रोम हे नाव मिळाले. १९५२ मध्ये गिब्ज दांपत्याने ईईजीतील त्या उंच, विस्कळीत लहरींना हिप्सॲरिदमिया म्हटले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे डॉक्टरांना बाहेरून झटका दिसत होता, नंतर लहरी दिसू लागल्या. पण हे सारे मेंदूच्या कोणत्या भागात आणि कशामुळे सुरू होते, याकडे पाहण्याची सोय सीटी, एमआरआय आणि पेट आल्यावरच झाली.

आता वयाचा मुद्दा. मोठ्या माणसाच्या एमआरआयमध्ये मेंदूचा करडा थर आणि त्याखालचा पांढरा भाग यांच्यात स्पष्ट सीमा दिसते. ही सीमा दिसण्यामागे मुख्यतः मायलिन असते. मायलिन म्हणजे मज्जातंतूंभोवतीचे स्निग्ध आवरण. जन्मतः बाळाच्या मेंदूत ते फार थोड्या ठिकाणी तयार असते आणि पुढे ते खालून वर, मध्यातून बाहेर आणि मागून पुढे अशा ठरलेल्या क्रमाने पसरत जाते. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमचा मागचा भाग सुमारे चौथ्या महिन्यात आणि पुढचा भाग सुमारे सहाव्या महिन्यात टी-१ या एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात उजळ दिसू लागतो. टी-१ चित्र साधारण वर्षभरात मोठ्या माणसासारखे होते, टी-२ या दुसऱ्या प्रकारच्या चित्राला मात्र जवळजवळ दोन वर्षे लागतात. या प्रवासात मधला एक काळ असा येतो की करडा आणि पांढरा भाग यांची छटा जवळजवळ सारखीच होते आणि त्यांच्यातील सीमा पुसल्यासारखी दिसते. साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा हा काळ आपल्या कामासाठी सर्वांत अडचणीचा असतो. दुर्दैवाने याच आजाराची बाळे नेमक्या याच वयात एमआरआयसाठी येतात.

याचा सर्वाधिक फटका ‘फोकल कॉर्टिकल डिसप्लेसिया’ या दोषाला बसतो. गर्भावस्थेत मेंदूच्या पेशी आपल्या जागी नीट बसल्या नाहीत की करड्या थराचा एखादा तुकडा किंचित जाड राहतो, त्याची पांढऱ्या भागाशी असलेली सीमा अस्पष्ट होते आणि तो तुकडा आकडीचे उगमस्थान बनतो. आपण ज्या अस्पष्ट सीमेच्या शोधात असतो, तशीच अस्पष्टता या वयात निरोगी भागातही सर्वत्र पसरलेली असेल, तर दोष त्यात लपून जातो. मायलिन पुरते तयार झाल्यावर, म्हणजे दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास, तोच दोष पुन्हा उघडा पडू शकतो. पुन्हा एमआरआय करण्याचा सल्ला यासाठी दिला जातो. पहिल्या तपासणीत कोणी हलगर्जी केली म्हणून नव्हे.

उलट प्रकारही घडतो आणि तो पालकांनाच काय, पुष्कळ डॉक्टरांनाही ठाऊक नसतो. काही बाळांमध्ये पहिल्या काही महिन्यांत केलेल्या एमआरआयमध्ये दोषाची जागा टी-२ चित्रात काळसर आणि टी-१ मध्ये उजळ अशी ठळक दिसते, कारण आजारी भागात मायलिन वेळेआधीच जमू लागलेले असते. पुढे आजूबाजूचा मेंदू वयात येतो, छटा जुळतात आणि तोच दोष नंतरच्या चित्रात सापडेनासा होतो. मी पाहिलेल्या एका मुलाच्या बाबतीत दीड वर्षाच्या वयातील एमआरआयवर कोणाचीच नजर ठरत नव्हती. चौथ्या महिन्यातील जुनी सीडी घरच्यांनी कपाटातून शोधून आणली आणि मागच्या उजव्या भागातील बदल त्या चित्रात स्पष्ट दिसला. म्हणून प्रत्येक पालकाला माझे सांगणे असते की छापील फिल्म आणि रिपोर्ट यांच्यावर न थांबता एमआरआयची सीडी किंवा मूळ डिजिटल फाइल मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

एमआरआय कसा काढला आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. मेंदूचा साधा एमआरआय सुमारे पाच मिलिमीटर जाडीच्या कापांत काढला जातो आणि एवढ्या जाड कापांत एखादी बारीक वळी दोन कापांच्या मध्ये निसटू शकते. अपस्मारासाठी वेगळा ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ असतो. त्यात सुमारे एक मिलिमीटर जाडीचे त्रिमितीय टी-१ चित्र असते आणि निरनिराळ्या दिशांतून घेतलेली उत्तम दर्जाची टी-२ चित्रे असतात. मोठ्यांमध्ये फार उपयोगी पडणारे फ्लेअर या आणखी एका प्रकारचे चित्र एक वर्षाखालील बाळात तितके विश्वासार्ह नसते. तिथे टी-२ अधिक कामाचे ठरते. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते ‘आकडी’ असे लिहिणे पुरेसे नाही. बाळाचे वय महिन्यांत, अपुऱ्या दिवसांचे असल्यास दुरुस्त केलेले वय, झटक्यात एखादा हात किंवा डोळे एका बाजूला अधिक वळतात का, आणि ईईजीमध्ये कोणत्या भागात बिघाड जास्त आहे, हे सर्व त्या चिठ्ठीवर असले की रेडिओलॉजिस्ट नेमक्या जागी नजर रोखून पाहतात. ‘नॉर्मल’ म्हणून परतलेल्या चित्रात ईईजी शेजारी ठेवून पाहिल्यावर दोष सापडणे ही आमच्या क्षेत्रात काही दुर्मीळ गोष्ट नाही.

या आजाराच्या अर्ध्याहून अधिक बाळांमध्ये एमआरआय काही ना काही कारण दाखवतो. आपल्याकडे त्यात जन्माच्या आसपास झालेल्या इजेचा वाटा मोठा आहे. प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडला असेल, तर पूर्ण दिवसांच्या बाळात मेंदूच्या खोल गाभ्यात किंवा रक्तवाहिन्यांच्या सीमेवरील पट्ट्यांत व्रण दिसतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात मेंदूतील पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग झिजलेला दिसतो. नवजात बाळाच्या रक्तातील साखर बराच वेळ खाली राहिली असेल, तर इजा बहुधा मेंदूच्या मागच्या, म्हणजे दृष्टीशी संबंधित भागात होते. अशी बाळे डोळ्यांच्या तपासणीत ठीक असूनही नजर धरत नाहीत आणि काही महिन्यांनी त्यांना हे झटके सुरू होतात. भारतात या कारणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत आईचे दूध पुरेसे उतरले नाही, बाळ सुस्त पडले आणि साखर कोणी तपासलीच नाही, अशी हकिगत वारंवार ऐकू येते. अशा वेळी एमआरआय त्या हकिगतीला पुरावा देतो आणि पालकांच्या मनातील ‘आमच्या घराण्यात कोणाला नव्हते, मग हे आले कुठून’ हा काटा थोडा बोथट होतो.

दुसरा गट जन्मजात जडणघडणीचा. मेंदूच्या वळ्या जवळजवळ नसणे, एक अर्धगोल अवाजवी मोठा असणे, कॉर्पस कॅलोसम तयारच न होणे ही त्याची ठळक उदाहरणे होत. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारात मेंदूच्या पृष्ठभागावर ट्यूबर नावाचे कठीण पुंजके आणि पोकळ्यांच्या कडेला बारीक गाठी दिसतात. तो ओळखण्यासाठी एमआरआयआधी बाळाचे कपडे काढून अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग आहेत का, हे चांगल्या उजेडात पाहावे. या बिनखर्चाच्या तपासणीचा विसर पडतो, याचे मला अजूनही नवल वाटते. या आजारात झटक्यांवर व्हिगाबॅट्रिन हे औषध पहिल्या पसंतीचे मानले जाते. म्हणजे चित्राने सांगितलेले कारण इथे थेट औषधाची निवड ठरवते.

आता ज्या प्रश्नाने संशोधकांना सर्वाधिक पछाडले, त्याकडे येतो. दोष मेंदूच्या एका कोपऱ्यात असूनही झटका दोन्ही हातांना, मानेला, संपूर्ण धडाला एकाच वेळी कसा येतो? १९९० च्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे हॅरी चुगानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांचे पेट स्कॅन केले. या तपासणीत किरणोत्सारी खूण लावलेली अल्प ग्लुकोज शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो, हे पाहतात. सीटी आणि एमआरआय नॉर्मल असलेल्या काही बाळांमध्ये त्यांना करड्या थराच्या एका ठरावीक भागात साखरेचा वापर कमी आढळला. त्यांपैकी निवडक बाळांमध्ये तो भाग शस्त्रक्रियेने काढल्यावर झटके थांबले आणि काढलेल्या ऊतीत सूक्ष्मदर्शकाखाली जडणघडणीचा दोष सापडला. नंतरच्या अभ्यासात त्याच गटाला असेही दिसले की मेंदूच्या गाभ्यातील लेंटिक्युलर न्यूक्लियस आणि मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा ब्रेनस्टेम हे भाग मात्र साखर जास्त वापरत होते. यातून अशी मांडणी पुढे आली की करड्या थरातील दोष वयाच्या एका ठरावीक टप्प्यावर ब्रेनस्टेमला चिथावतो, तिथून गाभ्यातील केंद्रे सामील होतात आणि ही खोल केंद्रे दोन्ही बाजूंच्या स्नायूंना एकदम हुकूम देतात. बाळ झोपेत असताना ईईजी आणि फंक्शनल एमआरआय एकत्र नोंदवून केलेल्या अभ्यासांतही हिप्सॲरिदमियातील टोकदार लहरी आणि संथ लहरी यांच्यामागे मेंदूची वेगवेगळी जाळी असल्याचे दिसले आहे. ही मांडणी अंतिम मानू नये. तरी एका कोपऱ्यातील दोषाचा सर्वांगी झटका कसा होतो, हे पालकांना समजावताना मी तिचाच आधार घेतो.

पेट स्कॅन वाचतानाही वयाचे भान सोडून चालत नाही. नवजात बाळात साखरेचा वापर मुख्यतः हालचाल-स्पर्शाचा पट्टा, थॅलॅमस हे गाभ्यातील केंद्र, ब्रेनस्टेम आणि लहान मेंदूच्या मधल्या भागात असतो. दोन-तीन महिन्यांनी मागचे आणि बाजूचे भाग जागे होतात आणि कपाळामागचा भाग सहा महिन्यांनंतर, वर्षाच्या आतबाहेर वेग घेतो. तीन महिन्यांच्या बाळात कपाळामागे वापर कमी दिसला, तर तो आजार नव्हे, त्याचे वय आहे. शिवाय औषध टोचल्यानंतर अर्धा-पाऊण तास मेंदू ते शोषून घेत असतो आणि तेवढ्यात झटक्यांची मालिका आली तर एरवी मंद दिसणारा भाग उलट उजळ दिसू शकतो. म्हणून त्या वेळी ईईजी चालू असावे लागते. दोन्ही कानशिलांमागील भाग सारख्याच प्रमाणात मंद दिसले, तर शस्त्रक्रियेचा फायदा होण्याची शक्यता नसते आणि विकासाच्या दृष्टीनेही ते चांगले लक्षण मानले जात नाही; अशा वेळी कारण अनुवांशिक असू शकते. झटक्याच्या क्षणी रक्तप्रवाह दाखवणारी स्पेक्ट तपासणी मोठ्या मुलांत उपयोगी पडते, पण एक-दोन सेकंदांच्या या झटक्यांत औषध वेळेवर टोचणे फार अवघड असल्यामुळे तिचे स्थान मर्यादित आहे.

औषधांचा ठसाही चित्रांवर उमटतो. एसीटीएच किंवा प्रेडनिसोलोन ही हार्मोनची औषधे या आजारातील प्रमुख औषधे होत. ती चालू असताना काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदू आक्रसल्यासारखा आणि घड्या रुंद झाल्यासारख्या दिसू शकतात. रिपोर्टात ‘सेरेब्रल ॲट्रोफी’ हे शब्द वाचून आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. प्रत्यक्षात औषध थांबल्यावर हा बदल बहुधा मोठ्या प्रमाणात भरून येतो. व्हिगाबॅट्रिन घेणाऱ्या बाळांपैकी काहींच्या थॅलॅमस, ग्लोबस पॅलिडस, ब्रेनस्टेम आणि लहान मेंदूच्या खोल केंद्रांत दोन्ही बाजूंना सारखे पांढरे डाग दिसतात. मोठ्या मात्रेत आणि लहान वयात ते अधिक आढळतात, बहुतेक वेळा त्यांची काही लक्षणे नसतात आणि मात्रा कमी केल्यावर ते मावळतात. हे माहीत नसेल तर त्यांना चयापचयाचा एखादा गंभीर आजार समजून बाळाची तपासण्यांची दुसरीच फेरी सुरू होते. लांबलेल्या आकडीनंतर काही दिवस दिसणारी सूजही अशीच फसवी असते. त्यामुळे चिठ्ठीवर चालू औषधे आणि शेवटच्या आकडीची तारीख लिहावीच. एमआरआय शक्यतो हार्मोनचे औषध सुरू करण्याआधी व्हावा हे खरे. पण एमआरआयची तारीख आठ-दहा दिवसांनी मिळत असेल तर तिच्यासाठी औषध थांबवू नये. झटके सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितके बाळाच्या विकासाचे नुकसान वाढते. चित्र नंतर काढता येते.

काही बालअपस्मारांत चित्रांकडून फारशी अपेक्षाच ठेवू नये. वर्षाच्या आतील बाळाला तापात एका बाजूची लांब आकडी वारंवार येत असेल, तर ड्रावे सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. त्यात सुरुवातीचा एमआरआय बहुधा नॉर्मल असतो आणि खरे उत्तर एससीएन-१-ए या जनुकाच्या तपासणीत मिळते. त्या उत्तराला व्यवहारात मोठी किंमत आहे, कारण कार्बामॅझेपिनसारखी नेहमीची औषधे या मुलांत आकडी वाढवू शकतात. ओळीने येणाऱ्या झटक्यांमध्येही एमआरआय नॉर्मल असेल आणि जन्माचा इतिहास साफ असेल, तर जनुकीय तपासणी लवकर करावी. पायरिडॉक्सिन या जीवनसत्त्वाला दाद देणारी आकडी तर चित्रात दिसत नाही. तिथे औषध देऊनच पाहावे लागते. एमआर स्पेक्ट्रोस्कोपी ही एमआरआयलाच जोडून होणारी रासायनिक तपासणी मात्र इथे कधी कधी मदतीला येते: तिच्या आलेखात मेंदूतील क्रिएटिन या द्रव्याचे शिखर जवळजवळ नसणे किंवा लॅक्टेट या द्रव्याचे शिखर उभे राहणे, यावरून उपचारांची दिशा बदलू शकते.

तपासणीच्या दिवसाबद्दल पालकांना भीती असते, म्हणून थोडे व्यावहारिक. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. सीटीमध्ये ते असतात, त्यामुळे मेंदूत कॅल्शियम साठल्याची शंका किंवा तातडीची वेळ सोडल्यास या कामासाठी सीटीकडे जाऊ नये. बाळ अगदी लहान असेल तर पोटभर पाजून, दुपट्यात गुंडाळून, कानांत बोळे घालून नैसर्गिक झोपेतही एमआरआय होतो. सहा-सात महिन्यांच्या बाळाला मात्र झोपेचे औषध किंवा हलकी भूल लागते, आणि त्याआधी आईचे दूध साधारण चार तास, वरचे दूध सहा तास बंद ठेवतात. आकडीचे सकाळचे औषध या उपाशी वेळेत चुकवायचे नसते. ते कसे द्यायचे हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. गॅडोलिनियम या चित्र ठळक करणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन प्रत्येक बाळाला लागत नाही. चेहऱ्यावर जांभळट जन्मखूण असेल किंवा संसर्गाची शंका असेल तर ते आवश्यक ठरते.

तुमच्या मुलीपुरते सांगायचे तर औषध पूर्ण मात्रेत चालू ठेवावे आणि साधारण दोन आठवड्यांनी झोपेतील ईईजी पुन्हा काढावे, कारण झटके दिसेनासे होणे आणि हिप्सॲरिदमिया जाणे या दोन्ही गोष्टी आपल्याला हव्या आहेत. झटक्यांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, आधीचे ईईजी आणि एमआरआयची सीडी घेऊन बालअपस्मार पाहणाऱ्या केंद्रात ती चित्रे एकदा नव्याने वाचून घ्यावीत, आणि जनुकीय तपासणीचा नमुना त्याच सुमारास द्यावा. दोन योग्य औषधांनंतरही झटके राहिले, किंवा ते एका बाजूला झुकू लागले, तर दोन वर्षे पूर्ण होण्याची वाट न पाहता पेट स्कॅन आणि शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या पथकाचे मत घ्यावे. असे काम आपल्या देशात होते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेचा अपस्मार शस्त्रक्रिया विभाग १९९५ पासून चालू आहे. झटके थांबले, ईईजी साफ झाले आणि मुलगी हसू, वळू, बसू लागली, तर पेटची गरज नाही. दुसऱ्या एमआरआयची तारीखही तेव्हा तिच्या प्रगतीकडे पाहून ठरवता येईल.